आमच्या घरातलं पुट अप

भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रजी बेताचंच यायचं. पण जे दोन शब्द आले त्यांवर त्यांनी अख्खा संसार रेटून नेला. ते दोन शब्द म्हणजे ‘पुट अप’. पवनानगरच्या बाजूला एका सरकारी ऑफिसात ते कारकून होते. ऑफिसात खालच्या माणसानं कागद तयार करायचा, त्यावर आपलं टिपण लिहायचं आणि तो निर्णयासाठी साहेबांच्या टेबलावर पाठवायचा, याला पुट अप करणं म्हणतात. साहेब दिवसभर भाऊंना हे सांगायचे आणि संध्याकाळी भाऊ एसटीनं कामशेतला उतरले की तेच वाक्य आमच्यावर निघायचं. मला नवी चप्पल हवी, पुट अप कर. रेखाला, माझ्या धाकट्या बहिणीला, सहलीला जायचंय, पुट अप कर. एकदा रेखाच्या पोटात दुखत होतं आणि ती रडत भाऊंकडं गेली, तर सवयीनं ते तिलाही तेच म्हणाले. रेखा खरोखर कागद शोधायला लागली. आईनं तिला ओव्याचं पाणी पाजलं आणि भाऊंकडं असं काही पाहिलं की त्या दिवशी त्यांनी न सांगता नळावरून चार कळशा आणल्या.

हे मी वाढवून सांगते असं माझ्या सुनेला वाटतं. वाटू दे. आमच्या बाहेरच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर चहाच्या खोक्याचं झाकण उपडं करून ठेवलेलं, तो आमचा आवक विभाग. फुलस्केप कागद अर्धा फाडायचा, डावीकडं चार बोटं समास दुमडायचा, वर ‘विषय’ लिहायचा आणि कागद त्या झाकणात टाकायचा. भाऊ हातपाय धुऊन, चहा घेऊन, लेंग्याची नाडी नीट बांधून ट्रंकेपुढं बसायचे आणि प्रत्येक कागदावर ‘मिळाले’ असा शिक्का ठप्पकन मारायचे. हा शिक्का ऑफिसातून झिजून बाद झालेला होता आणि त्यातला ‘ळा’ उमटायचा नाही, पण त्या आवाजासरशी आम्ही दोघी दाराशी येऊन उभ्या राहायचो. पुण्याकडून येणारी गाडी स्टेशनात शिरताना शिट्टी देई, आत चुलीवर आई तांदळाची भाकरी थापत असे, सुकटीचा वास घरभर सुटलेला असे आणि मध्येच तो ठप्प. लहानपण म्हटलं की मला अजून हे सगळं एकदम ऐकू येतं.

शिक्का मारला की कागद आधी आईकडं अभिप्रायाला जायचा. आई चौथी शिकलेली. ती परातीत पीठ मळता मळता कागद गुडघ्यावर घ्यायची आणि मनात येईल ते लिहायची, त्यामुळं आमच्या सगळ्या अर्जांना पीठ लागलेलं असे. ‘दिवाळीत घेतलेली चप्पल हिनं ओढ्यात घालीवली.’ ‘रेखा लय हट्ट करते पन खरं बोलते.’ मग कागद भाऊंकडं परत. भाऊ आईचा अभिप्राय दोनदा वाचायचे, पेनाचं टोपण मागं लावायचे आणि लिहायचे, ‘हरकत नसावी.’ खाली डाव्या बाजूला बारीक सही. आयुष्यात त्यांनी कुठल्या कागदावर ‘मान्य’ असं लिहिलेलं मी पाहिलं नाही. ‘मान्य’ हा साहेबांचा शब्द. कारकुनानं डावीकडं सही करायची आणि साहेबांनी उजवीकडं, असा ऑफिसचा रिवाज होता आणि भाऊंच्या लेखी तो सूर्य उगवण्याइतका पक्का होता. घरातल्या अर्जांना उजवीकडं सही करायला कोणी साहेबच नव्हता. ती बाजू कायम कोरी राहायची. ‘हरकत नसावी’ एवढ्यावर आई बाजारातून चप्पल घेऊन यायची आणि काम भागायचं, म्हणून त्या कोऱ्या जागेकडं आम्ही कधी लक्ष दिलं नाही.

दहावीला आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला एक डिक्शनरी वापरायला दिली. घरी आणल्या आणल्या मी ‘पुट अप’ काढलं. त्याला काही दुसरा अर्थ असेल असं मला वाटलंच नव्हतं. तिथं अर्धा रकाना भरलेला. पाहुण्याला घरी उतरवून घेणं. छत्री उघडणं. केस वर बांधणं. भिंतीवर काही टांगणं. भिंत उभारणं. तंबू ठोकणं. भाव वाढवणं. लढत देणं. आणि शेवटी ‘विथ’ लावून, मुकाट्यानं सोसणं. तंबू ठोकण्याला आम्ही दोघी बहिणी हसलो होतो, की मावळात येऊन तंबूत कोण निजेल. आता पवनेच्या काठानं रविवारी चालायला जागा नसते इतके तंबू असतात आणि त्यात निजायला लोक आधीपासून नंबर लावतात, ते असो. मी चुलीपाशी बसून आईला ते सगळे अर्थ एकेक करून वाचून दाखवले. आई भाकरी उलटत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे हे समदं मीच करते की ह्या घरात." मी पुन्हा वाचलं तर खरंच होतं. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना उतरवून घेणारी ती, कुडाची पडलेली भिंत उभारणारी ती, कपड्यांची दोरी टांगणारी ती, भाजीवालीशी लढत देणारी ती आणि सोसणारीही तीच. भाऊंच्या वाट्याला एकच अर्थ आला होता आणि तेवढ्यावर ते घरचे कर्ते होते.

भाऊंची थट्टा करते आहे खरी, पण त्यांच्या कागदवेडाचं कारण मला मोठेपणी कळलं. आमच्या घराण्यात कागदाला पहिला हात लागला तो त्यांचा. त्यांचे चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, त्यांनी गावाबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि विहारात वंदनेला बसणाऱ्या पुतण्याला शाळेतही बसवलं. तो पुतण्या पंख्याखाली बसून लिहायची नोकरी करतो, हे आबांना शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं. भाऊंनाही बहुतेक वाटत नसावं. एक अक्षर चुकलं तर कोणीतरी येऊन ही खुर्ची काढून घेईल, अशा बेतानं ते तीस वर्षं खुर्चीच्या टोकावर बसले. डावीकडं सही करणाऱ्यावर काही शेकत नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी शिकून घेतलं असणार.

दहावीनंतर मी पुण्याच्या एका तंत्रनिकेतनात अर्ज केला होता. मला नकाशे काढायचे होते. घराचे, रस्त्यांचे, पुलांचे. वर्गातल्या मुली हसायच्या, पण मला वहीत पट्टी धरून रेघ मारली की जे सुख व्हायचं ते दुसऱ्या कशानंच होत नव्हतं. एका सोमवारी पत्र आलं, की यादीत नाव आहे, वसतिगृहात जागा आहे, शनिवारी दुपारच्या आत पालकांना घेऊन यावं आणि सोबतच्या फॉर्मवर पालकांची सही असावी. नाही आलं तर जागा पुढच्या नावाला. मी ते पत्र छातीशी धरून घरभर फिरले. मग झाकणासमोर उभी राहिले आणि आयुष्यातला सगळ्यात चांगल्या अक्षरातला अर्ज लिहिला. विषय, पुण्यास शिकावयास जाणेबाबत.

सोमवारी संध्याकाळी ठप्प झालं. आईनं अभिप्राय लिहिला, ‘जाऊ द्या. हिचं हात चुलीत रमत न्हाईत.’ मंगळवारी भाऊंनी त्रुटी काढली, की पत्राची प्रत जोडलेली नाही आणि पानांना क्रमांक नाहीत. मी प्रत लिहिली, क्रमांक घातले. बुधवारी शेरा आला, ‘चर्चा करावी.’ चर्चा झाली म्हणजे मी ट्रंकेच्या अलीकडं उभी राहिले, भाऊ पलीकडं बसले आणि त्यांनी मला विचारलं की या बाबतीत पूर्वी काही पायंडा आहे का. मी म्हटलं, आपल्या घरातून कुणी मुलगी पुण्याला गेलेली नाही. ते म्हणाले, मग पायंडा नाही. आणि कागदावर लिहिलं, ‘पायंडा आढळून येत नाही. तरी ज्येष्ठांचा लेखी अभिप्राय संबंधितांनी स्वतः आणावा.’ ज्येष्ठ म्हणजे आबा, आणि आबांना अक्षरओळख नव्हती. हे भाऊंना माहीत होतं. पण शेरा लिहून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मी जी सुटका पाहिली ती ऑफिसातली फाईल वर गेल्यावर दिसायची तीच होती.

गुरुवारी शिक्क्याचं पॅड पिशवीत घालून मी पवनानगरची एसटी धरली आणि तिथून लोहगडाच्या अंगानं आबांच्या वाडीवर चालत गेले. आबा धरणाच्या पाण्याकडं तोंड करून ओट्यावर जाळं सांधत बसले होते. त्यांची भातखाचरं त्या पाण्याखाली होती आणि कुठलं खाचर कुठं हे ते अजून बोट दाखवून सांगायचे. मी सगळं समजावलं, कागद उलगडला आणि पॅड पुढं केलं. पॅड पाहिल्याबरोबर आबांनी दोन्ही अंगठे मुठीत झाकून घेतले. जमीन गेली त्या साली त्यांनी अंगठा दिला होता आणि तेव्हापासून त्यांनी जगातल्या कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचं सोडलं होतं. रेशनच्या दुकानातसुद्धा काकूच, म्हणजे त्यांच्या पत्नीच, अंगठा द्यायच्या. मी विनवलं की आबा, हा जमिनीचा नाही, माझा कागद आहे. ते म्हणाले, "म्हंजे अजूनच वंगाळ. जिमीन गेली. आता अंगठा दिला तर तूबी जाशील."

मग भाकरी आणि धरणातल्या माशांचं कालवण माझ्यापुढं ठेवून ते जरा निवळले. मी शिकायला जाऊ की नको, एवढंच तोंडी विचारलं. आबा मुठी तशाच झाकून म्हणाले, "जा की. हितं राहून काय करशील, माज्यावानी पान्याकडं बघत बसशील. पन कागुद आत ठेव." मी त्यांचे शब्द त्यांच्यासमोरच कागदावर उतरवले. उतरवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आबांनी जे एका दमात दिलं ते द्यायला माझ्या वाचत्या-लिहित्या वडिलांचे चार दिवस चालले होते.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊंनी तो कागद वाचला आणि म्हणाले की तोंडी अभिप्राय ग्राह्य धरता येत नाही, अंगठा नाही. उद्या दुपारी मुदत संपत होती. मला त्यांचा भयंकर राग आला. मी जन्मात पहिल्यांदा अर्ज न करता बोलले. म्हटलं, भाऊ, तुम्हाला पाठवायचं नसेल तर तसं लिहा, नामंजूर लिहा, पण काहीतरी लिहा. भाऊंनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं, आणि तसंच धरून बसले. शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. हो म्हणायचंही त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं, आणि ते मी जसंच्या तसं उतरवते आहे, ‘सर्व अभिप्राय अनुकूल दिसतात. आदेशार्थ सादर.’ डावीकडं बारीक सही केली, कागद झाकणात परत ठेवला आणि आम्ही सगळे त्या कागदाकडं बघत राहिलो. कोणाला सादर, हे भाऊंनाही माहीत नव्हतं. वर कोणी नव्हतंच. वर फक्त कौलं होती.

आई आतून हात पुसत आली. तिनं विचारलं की आता काय अडलंय. मी रडवेल्या आवाजात सांगितलं, की उजवीकडं सही करायला माणूस नाही. आई ट्रंकेशी बसली, भाऊंच्या हातातलं पेन तिनं काढून घेतलं आणि कागद स्वतःकडं ओढला. उजव्या बाजूला, जिथं आमच्या घरात कधी शाई लागली नव्हती, तिनं ‘मान्य’ लिहिलं. खाली हौसाबाई अशी सही केली, सावकाश, शेवटच्या ‘ई’ला चांगला वेळ देऊन. मग कागद भाऊंच्या पुढं सरकवला आणि म्हणाली, "घ्या. आता बघा काय करायचं ते."

मला वाटलं आता घरात काहीतरी फुटणार. भाऊंनी कागद वाचला, उजवीकडची सही पाहिली, तिच्याखाली बोट फिरवलं. आणि ताडकन उठून उभे राहिले. आदेश झाला होता. आदेश झाल्यावर भाऊंसारखा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. त्यांनी ट्रंक उघडली, माझा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड काढलं, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती रेखाला आणि मला लिहायला बसवलं, टाचण्या लावल्या, सकाळच्या गाडीची वेळ पाहून आले, स्वतःचा सदरा स्वतः धुऊन वाळत घातला. चार दिवस जो माणूस एक ‘मान्य’ लिहू शकला नव्हता तो शिट्टी वाजवत होता. जेवताना ते आईला म्हणाले, "आपण म्हणत असाल तर वळकटी आजच बांधून घेतो." आईला ते जन्मभर ‘अगं’ म्हणत आले होते. आईनं त्यांच्या पानात पुन्हा कालवण वाढलं.

शनिवारी आम्ही सगळ्यांच्या आधी तंत्रनिकेतनात पोहोचलो. भाऊंनी खिडकीतल्या बाईंपुढं कागदांची चळत अशी मांडली की त्या बाई थोडा वेळ नुसत्या पाहत राहिल्या. त्यांनी सगळं तपासलं आणि फॉर्म परत सरकवला, की पालकांची सही राहिली. भाऊंनी पेन काढलं आणि डाव्या कोपऱ्यात बारीक सही केली. बाई म्हणाल्या, इकडे, उजवीकडे करा. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग पिशवीतून आईच्या ‘मान्य’चा कागद काढून त्या बाईंना दाखवला. घरून मंजुरी आलेली आहे, असं ते अगदी अदबीनं म्हणाले. बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, अहो, पण वडील तुम्हीच ना, तुमचीच सही लागेल. मागं रांग वाढत होती. भाऊंचं पेन फॉर्मवर डावीकडून उजवीकडं गेलं ते एखाद्यानं ओढ्यातून पलीकडं पाय टाकावा तसं गेलं. त्यांनी सही केली. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. इतकी मोठी सही मी त्यांची आधी कधी पाहिली नव्हती आणि ती खालच्या रकान्यातही शिरली होती.

परतताना गाडी पावसाळी हिरव्या रानातून चालली होती. वसतिगृह दोन दिवसांनी सुरू होणार होतं. मी त्यांना विचारलं की ही सही सोमवारीच का केली नाहीत. त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा नीट लावले. म्हणाले, "मी सही केली असती आणि तिकडं तुला काही कमीजास्त झालं असतं, तर मी कोणाकडं बोट दाखवलं असतं? मला वर पाठवायची सवय आहे, कुंदा. ठरवायची नाही." मग म्हणाले, "तुझ्या आईला भीती कशी वाटली नाही?" माझा राग तिथंच कुठंतरी तळेगावच्या आसपास गळून पडला होता.

पुढं मी नोकरीत हजारो नकाशांवर उजव्या बाजूला सह्या केल्या. प्रत्येक वेळी पेन टेकवताना क्षणभर हात अडतो, तो भाऊंकडून आलेला आहे. आणि मग पुढं जातो, तो आईकडून. दोघंही आता नाहीत. त्या अर्जाची फाईल माझ्या कपाटात आहे, टाचणी गंजली आहे, पानांवरचं पीठ कधीच झडून गेलं. तिच्यात शेवटचं टिपण त्याच शनिवारचं आहे. घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता भाऊंनी ट्रंकेशी बसून ते लिहिलं, ‘आदेशानुसार प्रवेशाची कार्यवाही आज पूर्ण करण्यात आली. प्रकरण बंद करण्यास हरकत नसावी. आदेशार्थ सादर.’ डावीकडं पुन्हा तीच बारीक सही. कागद त्यांनी स्वतः उठून चुलीपाशी नेऊन दिला आणि बाजूला उभे राहिले. आईनं पिठाच्या हातानं पेन धरलं, उजवीकडं लिहिलं आणि कागद परत दिला. भाऊंनी तो वाचला, घडी घातली आणि मुकाट्यानं मोरीकडं गेले. कागदावर उजवीकडं लिहिलं आहे, ‘बरं झालं. हातपाय धुवा न् जेवाया बसा. हौसाबाई.’